आचार्य धर्मानंद कोसंबी आणि पालीची पहिली अक्षरे

सायंकाळची घंटा झाली की आमच्या वसतिगृहातील मुले हातपाय धुऊन ओळीने बसतात आणि त्रिशरण-पंचशील म्हणतात. काटेवाडीच्या या शाळेत हा क्रम आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत की त्यातील शब्द कानांवर पडूनही ऐकू येईनासे झाले होते. गेल्या वर्षी पाचवीत नव्याने दाखल झालेला एक मुलगा वंदनेनंतर आमच्याजवळ येऊन घुटमळला आणि त्याने विचारले की, आपण रोज संध्याकाळी पाच शिक्षा का मागून घेतो. प्रथम आम्हांस हसू आले. मग उलगडा झाला. पंचशीलातील ‘सिक्खापद’ हा शब्द त्याने नीट ऐकला होता, त्यात त्याला ‘शिक्षा’ दिसली होती आणि शिक्षा म्हणजे छडी, ओणवे उभे राहणे हे तर त्याला ठाऊकच होते.

त्या मुलाचे भाषाज्ञान चुकीचे नव्हते. पालीतील ‘सिक्खा’ म्हणजे संस्कृतातील ‘शिक्षा’च, तिचा मूळ अर्थ शिकणे. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा, अंगी बाणवण्याचा नियम. मराठीने ‘शिकणे’ या क्रियापदात तो जुना अर्थ सांभाळला आणि ‘शिक्षा’ या शब्दाला मात्र छडी चिकटवली. असे का झाले असावे, याचा विचार आम्हां शिक्षकांनी करावा असा आहे. पण त्या सायंकाळी आम्हांस अधिक बोचले ते हे, की आमच्या शाळेतून इतके विद्यार्थी पंचशील मुखोद्गत करून बाहेर पडले आणि त्यांतील एकाही शब्दाचा अर्थ आम्ही फळ्यावर लिहिलेला नव्हता.

ह्या निमित्ताने आम्हांस आचार्य धर्मानंद कोसंबी यांची आठवण झाली. आपल्या मुलांच्या तोंडी जे शब्द आज सहज खेळतात ते शिकण्यासाठी एका मराठी माणसाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरदार सोडून समुद्रापार जावे लागले होते. स्मरणिकेच्या ह्या अंकात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही ठरविले. थोडक्यात म्हणजे सारे नव्हे. त्यांनी पाली कशी शिकली आणि ती मराठी माणसापर्यंत कशी आणली, एवढ्यापुरतेच.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवळ या गावी, एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. घरची माडांची बाग होती. प्रकृती अशक्त, गावात शाळेची धड सोय नाही. त्यामुळे शालेय शिक्षण जेमतेम मराठीपुरते झाले. पुढे ज्यांनी अमेरिकेतील विद्यापीठात ग्रंथसंपादन केले त्यांच्या हाती शाळेचे एकही मोठे प्रमाणपत्र नव्हते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. शाळेची उणीव त्यांनी वाचनाने भरून काढली. त्या वाचनात तुकोबांची गाथा होती आणि तिने त्यांच्या मनाची पकड घेतली. दरवर्षी तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, तेव्हा गर्दीत उभे राहून आम्हांस अनेकदा वाटते की, साखवळच्या त्या तरुणाला बुद्धाकडे जाण्याची पहिली वाट ह्याच तुकोबांनी दाखविली होती.

1897 साली ‘बाळबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाच्या चरित्रावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. मुलांसाठी निघणाऱ्या मासिकातील एक लेख! परंतु त्या लेखाने त्यांचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य ठरविले. बुद्ध कोण होता, त्याने काय सांगितले, ते मूळ शब्दांत कोठे मिळेल, हा एकच ध्यास लागला. गोव्यात कोणाला विचारावे? बुद्धाच्या जन्मभूमीत बुद्धवचन शिकविणारा गुरू नव्हता, ग्रंथ नव्हते, आणि ज्या भाषेत ते ग्रंथ आहेत तिचे नावही बहुतेकांना ठाऊक नव्हते.

1899च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. चरित्रकार हा प्रसंग झटकन ओलांडतात. आम्हांस तसे करवत नाही. एका माणसाच्या ज्ञानतृष्णेची किंमत घरात राहिलेल्या बाईने सात वर्षे मोजली. बाळाबाईंना ह्या चरित्रात दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही, आमच्याही लेखात मिळणार नाही, पण त्या दोन ओळी तरी असाव्यात.

पुण्यास त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन लाभले. आधी संस्कृत शिकावे असे ठरले. त्यासाठी ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढून, प्लेगच्या भीतीत, अर्धपोटी राहून त्यांनी व्याकरण पाठ केले. त्यांच्या कष्टांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. काशीच्या त्या अन्नछत्राचे दार आणि त्या शास्त्र्यांच्या पाठशाळेचे दार धर्मानंदांना उघडले ते जन्माच्या जातीमुळे. पुढे थोड्याच वर्षांत मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने संस्कृत शिकण्याची इच्छा धरली, तेव्हा ते दार बंद झाले आणि त्याला फारसी घ्यावी लागली. बाबासाहेबांनी संस्कृत नंतर स्वतःच्या बळावर आत्मसात केले. एकाच काळातील हे दोन विद्यार्थी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

नेपाळात बौद्ध धर्म अजून जिवंत आहे असे ऐकून 1902 साली धर्मानंद तिकडे गेले. तेथे जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. तेथून बोधगयेस आले. खरा अभ्यास करावयाचा असेल तर सिंहलद्वीपी जावे, असे त्यांना तेथे समजले. मग कलकत्ता, मद्रास असा प्रवास करून ते जहाजाने कोलंबोस उतरले. कोलंबोच्या माळिगाकंद भागात सुमंगलाचार्यांनी 1873 साली स्थापन केलेले विद्योदय विद्यालय होते. त्याच वर्षी धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि सव्विसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या इयत्तेत बसले.

पहिली इयत्ता असे आम्ही थट्टेने म्हणत नाही. त्या काळी पाली शिकणाऱ्या मराठी माणसापुढे शब्दांच्या आधी लिप्या उभ्या राहत. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलातील भिक्खू ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशातील बर्मी लिपीत, सयामातील सयामी लिपीत. आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने 1881पासून ती रोमन लिपीत छापण्यास आरंभ केला. देवनागरीत संपूर्ण त्रिपिटक छापून निघाले ते भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेहून, 1956 नंतरच्या काही वर्षांत. म्हणजे आपल्या बाराखडीत जी भाषा अगदी अंगच्या अंगरख्यासारखी बसते, ती वाचण्यासाठी आपल्या माणसाला आधी गोलगोल वळणांची परकी अक्षरे गिरवावी लागत होती.

अक्षरे झाली की उच्चार. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण आमच्या वर्गातील मुले नेमकी येथेच अडखळतात. पालीत ‘श’ नाही, ‘ष’ नाही, एकच ‘स’. म्हणून ‘सरण’ म्हणावयाचे, ‘शरण’ नव्हे. ऋ नाही, ऐ-औ नाहीत, विसर्ग नाही. लिहिले तसे वाचावे, हा नियम मराठी माणसाला सोपा वाटतो. पण आपण मराठीत लिहिले तसे वाचतो हा आपला निव्वळ भ्रम आहे. ‘घर’ हा शब्द पालीतही ‘घर’च आहे; मात्र आपण शेवटचा ‘अ’ गिळून टाकतो आणि पालीत तो पूर्ण म्हणावा लागतो. आपल्याकडे ‘च’ दोन प्रकारचा, चमच्यातला निराळा आणि चिमणीतला निराळा. पालीत सर्वत्र चिमणीतलाच. आमच्या भागातील मुले तिसऱ्या शीलातील ‘मिच्छाचारा’ हा शब्द म्हणताना शेवटी गुरांचा चारा आणतात! ‘मिच्छा’ म्हणजे मिथ्या, खोटा, चुकीचा. आणि ‘आचार’ म्हणजे वागणूक. चाऱ्याचा तेथे काही संबंध नाही हे सांगितल्यावर सारा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून तो ‘च’ सुधारला.

जोडाक्षरांचे तसेच. धम्म, मेत्ता, पञ्ञा ह्या शब्दांत जीभ क्षणभर थांबली पाहिजे. ती थांबली नाही तर धम्माचा ‘धम’ होतो. ‘मेत्ता’मधील ‘ए’ मराठीतल्यासारखा लांबवायचा नाही. पुढे जोडाक्षर आले की तो आखूड होतो. शेवटच्या अनुस्वाराचा उच्चार सिंहलातील भिक्खू ‘ङ्’सारखा करतात. ब्रह्मदेशात गेले की तेच शब्द ओळखू येत नाहीत, कारण तेथे ‘स’चा उच्चार ‘थ’च्या जवळ जातो आणि ‘च’चा ‘स’ होतो. धर्मानंदांनी पुढे 1904 साली ब्रह्मदेशात भिक्खूची उपसंपदा घेतली. एकच वचन त्यांनी कोलंबोत एका तऱ्हेने आणि रंगूनमध्ये दुसऱ्या तऱ्हेने ऐकले असणार. पुस्तकातील शब्द एक आणि कानावर पडणारा दुसरा, ह्या गोंधळातून प्रत्येक नवशिक्या जातो. थोर माणसेही त्याला अपवाद नसतात.

सिंहलातील जेवण धर्मानंदांना मानवले नाही, प्रकृती ढासळली आणि साधारण वर्षभरात त्यांना मद्रासेस परतावे लागले. परंतु एका वर्षात जे पदरी पडले ते थोडे नव्हते. काशीच्या संस्कृत व्याकरणाची शिदोरी जवळ असल्याने शब्द भराभर उमगत गेले. सूत्राचे सुत्त, कर्माचे कम्म, मार्गाचे मग्ग. मात्र ह्या शिदोरीत एक धोकाही असतो. संस्कृत आधी शिकलेला मनुष्य पालीकडे बिघडलेले संस्कृत म्हणून पाहू लागतो. अनेक पंडितांनी तसे पाहिले आहे. धर्मानंदांनी पालीला तिच्या स्वतःच्या मानाने वागविले, हे त्यांचे मोठेपण.

आमच्या मुलांजवळ संस्कृतची शिदोरी नाही, आणि आमचा अनुभव असा की तिच्यावाचून फारसे अडत नाही. कारण दुसरी शिदोरी त्यांच्या घरात आहे. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, दुद्ध म्हणजे दूध, भत्त म्हणजे भात, अग्गि म्हणजे आग, सत्त सात आणि अट्ठ आठ. आजीच्या चुलीपाशी जे शब्द बोलले जातात ते पालीच्या किती जवळचे आहेत, हे फळ्यावर दोन रकाने आखून दाखविले तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. बिंबिसार राजाने बुद्धाला दान दिलेले वेळुवन हे वेळूचे बन होते हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनीच आम्हांस सांगितले. त्यातला ‘ळ’देखील जसाच्या तसा आपला आहे. हिंदी पुस्तकांत तो पुष्कळदा ‘ल’ होतो आणि वेळूची ओळख पुसली जाते.

येथे एक विषयांतर. धर्मानंद गोव्यात दहा वर्षांचे असताना, 1887 साली, वॉर्सा येथे झामेनहॉफ नावाच्या एका ज्यू डॉक्टराने एस्पेरान्तो ही नवी भाषा प्रसिद्ध केली. ती कोणाचीच मातृभाषा नसावी, म्हणजे शिकताना कोणी मालक आणि कोणी पाहुणा राहणार नाही, असा त्यामागचा विचार होता. एका अक्षराला एकच उच्चार, हा तिचा नियम. पाली मुद्दाम घडविलेली भाषा नव्हे, पण आज तीही कोणाच्या घरात बोलली जात नाही. त्यामुळे काटेवाडीचे मूल, कोलंबोचे मूल आणि मंडालेचे मूल एकाच रेषेवर उभे राहून ती शिकू लागतात. ज्यांच्या पूर्वजांना भाषेच्या दारावरून परत पाठविले गेले त्यांना ह्या समानतेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

ब्रह्मदेशातून परतल्यावर धर्मानंदांनी कुशिनारा, लुंबिनी इत्यादी तीर्थस्थाने पाहिली आणि 1906 साली चीवर उतरवून ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठात त्यांना काम मिळाले. गोव्यास जाऊन त्यांनी बाळाबाईंना आणले. संसार स्थिर होण्याची ही वेळ होती. पण पाली आपल्या प्रदेशात, मराठीत आली पाहिजे ही तळमळ स्वस्थ बसू देईना. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे आणि संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत. कलकत्त्याच्या मानाने ही रक्कम फारच कमी होती. धर्मानंदांनी ती स्वीकारली. पगार कमी करून घेण्यासाठी नोकरी बदलणारे शिक्षक आम्ही पाहिलेले नाहीत.

ह्यानंतर अमेरिका. वॉरन नावाच्या विद्वानाने आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाची पाठशुद्ध प्रत तयार करण्याचे काम हाती घेतले होते. 1899 साली त्यांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक लॅनमन यांच्याकडे धर्मानंद 1910 साली गेले. बर्मी आणि सिंहली पाठ ताडून पाहणे, प्रत्येक शब्दाची शहानिशा करणे, हे काम त्यांनी केले. पण ग्रंथावर नाव कोणाचे आणि कोणत्या नात्याने, ह्यावरून मतभेद झाले आणि 1912 साली ते परत आले. पुढे त्याच कामासाठी आणखी तीन वेळा ते समुद्र ओलांडून गेले. स्वाभिमान राखूनही काम न सोडणे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

1912 ते 1918 ह्या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पाली विषय सुरू होण्यामागे त्यांचा व डॉ. भांडारकरांचा प्रयत्न होता. चिं. वि. राजवाडे, पु. वि. बापट, ना. के. भागवत हे पुढे नावाजलेले पाली पंडित त्यांच्या शिकवणीतून तयार झाले. आज महाराष्ट्रात कोणीही पाली घेऊन परीक्षा देतो तेव्हा त्या परंपरेचा धागा ह्या सहा वर्षांपर्यंत जातो.

त्यापुढच्या वर्षांचा वेग मोठा आहे. अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, रशियातील लेनिनग्राड, 1930चा मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंगवास. गांधीजींच्या मार्गावर त्यांची श्रद्धा होती. आमची वाट बाबासाहेबांची. हा फरक आम्ही झाकत नाही आणि त्यापायी त्यांचे ऋणही नाकारत नाही. 1937 साली त्यांनी मुंबईत परळ येथे, गिरणी कामगारांच्या वस्तीत, बहुजन विहार उभारला. ज्या ज्ञानासाठी ते काशीच्या अन्नछत्रात बसले होते ते शेवटी श्रमिकांच्या आणि अस्पृश्य गणलेल्यांच्या दारी आणून ठेवावे, असे त्यांना वाटले. विहारासाठी पैसा बिर्लांचा होता. थोड्याच वर्षांत धर्मानंद तेथून बाहेर पडले.

मराठीत त्यांनी लिहिलेले ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आणि ‘भगवान बुद्ध’ हे ग्रंथ आमच्या पिढीने वाचले. सिद्धार्थाने रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून घर सोडले ही कथा त्यांनी मानली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे त्यांनी बोट दाखविले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण हाच पाणीतंटा आहे. नीरेच्या कालव्याच्या पाळीवरून होणारे तंटे लहानपणापासून पाहिलेल्या आमच्या मुलांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

1940 साली भारतीय विद्या भवनाने त्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत प्रसिद्ध केला. परदेशी अक्षरांत शिकलेली भाषा त्यांनी आपल्या अक्षरांत परत आणली. जून 1947 मध्ये सेवाग्राम येथे, शरीर कामास येत नाही असे पाहून, अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची रोमन प्रत निघाली 1950 साली. तिच्यावर वॉरन यांच्यासोबत संशोधक म्हणून धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.

बाबासाहेबांनीही आयुष्याच्या उत्तरकाळात पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश यांवर काम केले; शासनाने ते त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात 1998 साली छापले. शब्दांपुढे इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थ आहेत. हा खंड आमच्या ग्रंथालयात आहे आणि इतकी वर्षे तो कपाटातून क्वचितच बाहेर निघाला. आता शनिवारी सकाळी तो टेबलावर उघडा असतो. पंचशीलातील शब्द आम्ही एकेक करून वहीत उतरवून घेत आहोत. पाण म्हणजे प्राण, अदिन्न म्हणजे न दिलेले, मुसावाद म्हणजे खोटे बोलणे, वेरमणी म्हणजे दूर राहणे. शिक्षेबद्दल विचारणारा तो मुलगा आता सहावीत आहे आणि वही तपासण्याचे काम त्याच्याकडे आहे. परवा त्याने आमच्याच ‘ञ’ची चूक दाखविली.